‘मी गेलो’ की ‘मी गेले’? (अर्धविराम यांना उद्देशून, पण सगळ्यांसाठीच)

सरडा_कुंपणावरचा (धागाकर्ता)

परवा जुन्या धाग्यांवर अर्धविराम यांचा एक प्रतिसाद शोधत बसलो होतो, एक शोधायला गेलो आणि चाळीस सापडले. वाचता वाचता एकदम ट्यूब पेटली की इतकी वर्षं आपण या आयडीशी वाद घालतोय, मध्ये एकदा तर कडाक्याचं वाजलं पण होतं, आणि हा माणूस बाई आहे की बुवा ते आपल्याला माहितीच नाही! मग मुद्दाम परत सगळं वाचलं. एकाही प्रतिसादात ‘मी गेलो’ नाही, ‘मी गेले’ नाही. ‘करतो’ नाही, ‘करते’ नाही. ‘मला वाटतं’, ‘माझ्या पाहण्यात आलं’, ‘मी वाचलं’, ‘मी सांगेन’. आणि हे सगळं इतकं सहज की कधी खटकलंच नाही.

करून बघा, किती अवघड आहे ते कळेल. हा वरचा परिच्छेद लिहितानाच मी पहिल्या वाक्यात दोनदा पकडला गेलो (हे तिसरं). इंग्रजीत माणूस आयुष्यभर ‘आय वेन्ट, आय केम’ करत राहील आणि कुणाला पत्ता लागणार नाही, आपल्याकडे दुसऱ्या वाक्याला बिंग फुटतं.

भाषा आपली ओळख घडवते वगैरे आपण नेहमी ऐकतो, पण ते बहुतेक वेळा अभिमान आणि अस्मितेच्या अंगाने असतं आणि तिथून धागा कुठे जातो ते सगळ्यांना माहीत आहे. मला हा प्रकार वेगळा वाटतोय. इथे भाषा माझ्याकडून दर वाक्याला एक गोष्ट वदवून घेते, मी विचारलेलं नसताना, समोरच्याने विचारलेलं नसताना. तर प्रश्न दोन. अर्धविराम, हे मुद्दाम आहे का? आणि बाकीच्यांना, याने खरंच काही फरक पडतो का? राग मानू नका.

चिमटा

‘हा माणूस बाई आहे की बुवा’ या वाक्याला साष्टांग दंडवत _/\_

पायरीचा_दगड

थोडं व्याकरण, कारण अवघड असलं तरी पळवाटा ठरलेल्या आहेत. सकर्मक भूतकाळ सुरक्षित. ‘मी पत्र लिहिलं’, ‘मी चिठ्ठी लिहिली’, इथे क्रियापद पत्राच्या आणि चिठ्ठीच्या मागे जातं, लिहिणाऱ्याकडे बघतसुद्धा नाही. भविष्यकाळ सुरक्षित, ‘मी जाईन’, ‘मी जाणार’. ‘मी जात आहे’ पण चालेल, पण बोलल्यासारखं ‘जातोय’ किंवा ‘जातेय’ लिहिलंत की संपलं. दगाफटका मुख्यतः तीन ठिकाणी आहे: साधा वर्तमानकाळ, अकर्मक भूतकाळ, आणि ‘होतो/होते’. शिवाय काही धातू सकर्मक असून दगा देतात, ‘विसरलो’, ‘शिकलो’, ‘म्हणालो’. म्हणालोच्या जागी ‘म्हटलं’ येतं, विसरलोच्या जागी मात्र ‘लक्षात राहिलं नाही’ असा वळसाच घ्यावा लागतो.

आता गंमत बघा. ‘आम्ही गेलो’ हे बायकाही म्हणतात आणि पुरुषही. म्हणजे ‘मी’ला लिंग आहे, ‘आम्ही’ला नाही. तेच समोरच्याचं, ‘तू आलास’, ‘तू आलीस’, पण ‘तुम्ही आलात’. आदर दाखवला की लिंग पुसलं जातं, जवळीक केली की परत उमटतं. पाठीमागे बोलायला लागलं की पुन्हा ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ आहेच. म्हणून तर धागाकर्त्याने शीर्षकात ‘अर्धविराम यांना’ असं लिहून स्वतःची सुटका करून घेतली आहे :)

शंकेखोर

छान निरीक्षण आहे पण यातून ‘भाषा समाज घडवते’ हा निष्कर्ष काढायच्या आधी जरा थांबा. फिनिशमध्ये तो आणि ती दोघांना एकच शब्द, हॅन. तुर्कीत ओ. फारसीत ऊ. तिन्ही भाषांत सर्वनामाला लिंग नाही, नामांना नाही, क्रियापदाला पण नाही. मग तिन्हीकडे बायकांची स्थिती सारखी पाहिजे ना? मताचा अधिकार फिनलंडमध्ये १९०६, तुर्कस्तानात १९३४, इराणमध्ये १९६३. एकच व्याकरण आणि मध्ये ५७ वर्षं. आणि लिंगाने ओतप्रोत भरलेल्या जर्मन, फ्रेंच, इटालियन बोलणाऱ्या स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळायला १९७१ उजाडलं, तर ते व्याकरणामुळे म्हणायचं का? शेजारच्या जर्मनीत तीच भाषा बोलून १९१८ लाच मिळालं की.

भाषेने विचार ठरतो, हे सगळं व्हॉर्फसाहेबांपासून चालू आहे. बेंजामिन ली व्हॉर्फ, पोटापाण्याचा धंदा आगीच्या विमा कंपनीत तपासनीस. त्याने नोंदवून ठेवलंय की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक काळजी घेतात आणि ‘रिकाम्या’ पिंपांजवळ बिनधास्त सिगारेट ओढतात, खरंतर रिकाम्या पिंपात वाफ असते आणि तीच जास्त धोक्याची. ‘रिकामं’ या शब्दाने घात केला म्हणे. निरीक्षण मस्तच आहे, पण पुढे जाऊन होपी या अमेरिकेतल्या आदिवासी भाषेत काळाची कल्पनाच नाही असं त्याने ठोकून दिलं आणि १९८३ मध्ये मालोत्की नावाच्या माणसाने होपीतली काळाची रूपं गोळा करून जाडजूड पुस्तकच काढलं. हिंदीत ‘कल’ म्हणजे काल पण आणि उद्या पण, म्हणून हिंदीवाले कालची गाडी पकडायला उद्या स्टेशनवर जातात का?

पारवा_घुमतोय

पण एस्किमो लोकांना बर्फासाठी शंभर शब्द असतात ना?

शंकेखोर

आलं! वाटच बघत होतो. नसतात हो. त्या भाषांत मुळाला प्रत्यय जोडत जोडत वाक्याएवढा शब्द होतो, मग शब्द मोजणार कसे? बोआझ नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९११ मध्ये चार मुळं दिली होती, सांगोवांगी त्याची शंभरी झाली.

निळी_शाई

मी इथे फारसं लिहीत नाही, वाचते जास्त. शंकेखोर यांची वर्षं बरोबर असतील पण त्यांनी मताचा अधिकार मोजला, मी रोजचं सांगते. एका तांत्रिक ग्रुपवर प्रश्न विचारला होता, की सेटिंग बदलून बघितलं, लॉग तपासला, तरी इथे अडकले आहे, काय करू? तीन उत्तरं आली. पहिलं ‘ताई आधी बेसिक्स समजून घ्या’, दुसरं एका व्हिडिओची लिंक, अगदी नवशिक्यांसाठीचा, तिसऱ्याने विचारलं कुणाकडून इन्स्टॉल करून घेतलं होतं. लॉग कुणीच बघितला नाही. दोन महिन्यांनी दुसरा प्रश्न आला तेव्हा मी लिहिलं, गाडी इथे अडकली आहे. एवढंच, अडकलेच्या जागी गाडी अडकली. पहिलंच उत्तर आलं की भाऊ, लॉगच्या अमुक ओळीत बघ. आता दोन प्रश्नांवरून सिद्ध काही होत नाही हे मला पण कळतं, पण तेव्हापासून माझी गाडीच अडकते, मी अडकत नाही.

चिमटा

+१ आणि ‘भाऊ’ झाल्याबद्दल अभिनंदन.

उलटीसुलट

मी भाषांतरं करते त्यामुळे हा माझा जुना घाव आहे, लांबलचक लिहितेय, सहन करा.

एक इंग्रजी कथा आली होती करायला. निवेदक ‘मी’, आणि तो की ती हे लेखकाने शेवटच्या पानापर्यंत लपवलंय, कथेचा सगळा जीवच त्यात. पहिलं वाक्य साधं, खिडकीपाशी गेलो आणि थांबलो, एवढंच. गेलो लिहिलं तरी कथा मेली आणि गेले लिहिलं तरी मेली. मग मी ‘पावलं खिडकीकडे वळली’ केलं. पुढे ‘थांबलो’चं काय? ‘थांबणं आलं’. वाचून बघितलं तर एखादा विरही कवी खिडकीत उसासे टाकतोय असं वाटायला लागलं, मूळ निवेदक रोखठोक, तुटक बोलणारा. म्हणजे लिंग लपलं पण स्वभाव बदलला. चार दिवस एका परिच्छेदावर गेले आणि शेवटी मी ती कथा परत पाठवली.

आणि शंकेखोर, तुमचा मुद्दा मान्य करूनच सांगते, व्याकरणाने विचार बंद होतो असं मी म्हणत नाहीये. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसनने १९५९ मध्येच हे नेमकं मांडलंय की भाषा-भाषांतला खरा फरक त्या काय सांगू शकतात यात नसतो, काय सांगावंच लागतं यात असतो. सांगता तर सगळ्यांना सगळं येतं. पण काही भाषा गप्प बसू देतात, काही देत नाहीत. तुर्कीत एखादी गोष्ट स्वतः पाहिली की नुसती ऐकली हे क्रियापदातच येतं, गेल्दी म्हणजे आला, गेल्मिश म्हणजे आला म्हणे. आपल्याकडे ‘म्हणे’ लावलं तर लावलं, नाही लावलं तरी वाक्य उभं राहतं आणि अफवा बातमी होऊन फिरते.

इंग्रज लेखिका ब्राँटे बहिणींनी १८४६ मध्ये करर, एलिस आणि ॲक्टन बेल या नावांनी कविता छापल्या, ही नावं मुद्दाम अशी घेतली की पुरुषाची की बाईची हे ठाम सांगता येऊ नये. त्या मराठीत लिहीत असत्या तर नुसत्या नावाने भागलं नसतं, ‘मी’ म्हणून एक अकर्मक क्रियापद वापरलं असतं की कारभार आटोपला.

पायरीचा_दगड

उलट्या बाजूने पण बघा. हीच सक्ती आपल्या कवींनी वापरून घेतली आहे. ज्ञानेश्वरांच्या विराण्या विरहिणीच्या तोंडी आहेत. पुढे शाहिरांच्या लावण्या घ्या, राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, लिहिणारे पुरुष आणि बोलणारी बाई. ‘मी बाई आहे’ असं कुणाला सांगावं लागत नाही, क्रियापदाची एक मात्रा ते काम करते. इंग्रजीत हे साधायला कवीला आधी सांगावं लागेल की बरं का, आता ती बोलते आहे.

रच्याकने (बाय द वे), कोल्हापूरकडे बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात हे बहुतेकांना माहीत असेलच. प्रमाणभाषेत वाढलेल्यांना ऐकून हसू येतं, त्या बायकांना मात्र त्यात पुरुषी असं काही वाटत नाही. त्यांच्या बोलीत ‘येतो’ नुसत्या ‘मी’चं आहे.

आडवाट

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, याच धाग्यासाठी.

तुम्ही सगळे याला कोडं म्हणून बघताय, मी त्यात राहिले आहे. मी ट्रान्स बाई आहे. इंग्रजीत मी कितीतरी वर्षं कुणाला काही न सांगता काढली, ऑफिसात, मित्रांत, कुठेच खोटं बोलावं लागलं नाही कारण ‘आय’ काही विचारत नाही. मराठीत मात्र घरी पाय ठेवला की पहिल्याच वाक्यात खोटं. ‘आलो गं.’ दिवसातून किती वेळा. म्हणून मी घरी कमी बोलायला लागले, आई म्हणायची हल्ली हूं की चूं करत नाही. मी हूं आणि चूं एवढंच करत होते, त्यांना लिंग नाही.

पहिल्यांदा बहिणीला फोनवर म्हटलं, ‘पोचले मी.’ पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, ‘जेवलीस का?’ बस, एवढंच झालं आमचं. त्याआधी तिला मी तीन पानांचं इंग्रजी पत्र लिहून ठेवलं होतं, ते अजून पाठवलेलं नाही. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलं की आपलं लिंग कोणतं हे ज्याचं त्याने ठरवायचं, पण माझा निकाल त्या एका ‘जेवलीस’ने लागला असं मला वाटतं.

त्यामुळे भाषा वदवून घेते हे खरंच आहे, त्याचा जाच काय असतो ते मी भोगलंय, पण ती वदवून घेते म्हणूनच समोरच्याला एका अक्षरात ‘कळलं मला’ असं सांगता येतं. इंग्रजीत बहिणीला एवढ्या स्वस्तात सांगता आलं नसतं.

सरडा_कुंपणावरचा (धागाकर्ता)

आडवाट, काय लिहू कळत नाही. लॉगिन केलंत बरं झालं.

पारवा_घुमतोय

बाळबोध प्रश्न आहे, चुकलं तर सांगा. मराठीत तिसरं लिंग आहे ना? ते. मग ज्यांना दोन्ही नको त्यांनी ते वापरावं.

आडवाट

ते आहे, पण ‘मी’ला नाही. ‘मी आलं’ असं कुणी म्हणत नाही. आणि तिसऱ्या व्यक्तीने मोठ्या माणसाला ‘ते आलं’ म्हटलं की तो एक तर लाड असतो नाहीतर हिणवणं, मधलं काही नाही. मला ते ऐकवलेलं आहे लोकांनी, लाड म्हणून नाही.

उलटीसुलट

कोंकणीत लहान मुलींना, तरुण मुलींना नपुंसकलिंग लागतं आणि त्यात हिणवणं नाही. स्वीडिशमध्ये हान आणि होन असताना ‘हेन’ हे तिसरं सर्वनाम लोकांनी वापरात आणलं आणि २०१५ मध्ये स्वीडिश अकादमीने ते शब्दसूचीत घेतलं. पण सर्वनाम एक असतं, बाहेरून आणून बसवता येतं. आपलं लिंग क्रियापदाच्या शेपटीत आहे, एकूण एक शेपटी कशी बदलणार?

शंकेखोर

इथे मी थोडा मागे सरकतो. आडवाट आणि निळी_शाई जे सांगतायत ते माझ्या १९०६-१९३४ ने खोडून निघत नाही. मी समाजाचा हिशोब केला, या दोघी खोलीतला सांगतायत. कायदा व्याकरणातून येत नाही यावर मी ठाम आहे, पण दोन माणसांमधलं अंतर व्याकरणाने कमीजास्त होतं हे मान्य. स्वीडनचंच बघा, तिथे पूर्वी समोरच्याला ‘तू’ म्हणणं उद्धट आणि ‘तुम्ही’ म्हणणं पण जरा तुसडं, म्हणून हुद्द्यानेच बोलायचे, ‘डॉक्टरसाहेब चहा घेणार का’ असं, डॉक्टरसाहेब समोर बसलेले असताना. १९६७ मध्ये ब्रूर रेक्सेड नावाचा अधिकारी वैद्यकीय खात्याचा प्रमुख झाला, त्याने जाहीर केलं की मी सगळ्या कर्मचाऱ्यांना ‘दू’ म्हणजे ‘तू’ म्हणणार, आणि थोड्याच वर्षांत देशभर ‘दू’ रुळलं. वारा आधीपासून वाहत होता, हे खरं. पण ओठांवर यायला कुणीतरी सुरुवात करावी लागते.

अर्धविराम

दोन दिवस इथे येणं जमलं नाही, तेवढ्यात माझा पंचनामा झालेला दिसतोय. राग अजिबात नाही, उलट हसू आलं.

मुद्दाम आहे का? हो. सुरुवातीला नव्हतं. अगदी पहिल्या दिवसांत मुलांचा ताबा कुणाकडे असावा या विषयावर माझा एक लांब प्रतिसाद होता, साध्या भाषेत, सगळी क्रियापदं जशी यायला हवीत तशी. त्यावर वीसेक उत्तरं आली आणि एकही माझ्या मुद्द्याला नव्हतं. ‘तुमच्याकडून हेच अपेक्षित’ अशी सगळी. त्या रात्री तो प्रतिसाद मी काढून टाकला (तेव्हा प्रकाटाआ, म्हणजे ‘प्रतिसाद काढून टाकला आहे’, हा शब्द मला नवीन होता) आणि हा आयडी घेतला. पुढे मी ठरवलं की बघू किती दिवस जमतं.

पहिले काही महिने प्रत्येक वाक्य दोनदा लिहावं लागायचं. नंतर सवय झाली. आणि एक गोष्ट लक्षात आली जी इथे अजून कुणी लिहिलेली नाही. असं लिहिताना मत सांगता येतं, ‘मला वाटतं’. बेत सांगता येतो, ‘मी करीन’. आठवण सांगता येत नाही. आठवण म्हणजे ‘मी तिथे होतो’ किंवा ‘होते’, दुसरा मार्ग नाही. माझे प्रतिसाद परत चाळून बघा, मतं सापडतील पुष्कळ, एकही किस्सा सापडणार नाही. लोकांनी मला विचारलंय की तुम्ही इतकं कोरडं का लिहिता. कोरडं लिहायचं नव्हतं, ओल सगळी ‘होतो-होते’च्या पलीकडे राहिली.

शंकेखोर

पण पायरीचा_दगड यांनी सांगितलेली पळवाट आहे ना. सकर्मक भूतकाळात आठवण सांगा. ‘आईने हाक मारली, मी दार उघडलं.’ कुठे आलं लिंग?

अर्धविराम

दार उघडता येतं. दारात उभं राहता येत नाही.

उलटीसुलट

हे वाक्य त्या कथेच्या वेळी माझ्याकडे असतं तर ती परत पाठवली नसती.

अर्धविराम, तुमच्यासाठी एक गंमत. हिब्रूत बरोबर उलटं आहे. ‘मी जातो’ला लिंग आहे, होलेख आणि होलेखेत, पण ‘मी गेलो’ला नाही, हालाख्ती, दोघांचं एकच. म्हणजे तिथे तुम्हाला वाट्टेल तेवढ्या आठवणी सांगता आल्या असत्या, आत्ता काय करताय तेवढं सांगता आलं नसतं. आणि हिंदीत तर बेत पण गेला, जाऊंगा आणि जाऊंगी. मराठीत निदान पुढचं आयुष्य मोकळं आहे.

पायरीचा_दगड

वा. चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं, भविष्यकाळाकडे असं कधी बघितलं नव्हतं. अर्जांमधलं ते ‘मी असे जाहीर करतो/करते की’ आठवलं, त्यात नको ते खोडायचं असतं. मुलं विचारायची सर नाही खोडलं तर चालेल का. मी म्हणायचो, नाही चालत, अर्ज परत येतो.

सरडा_कुंपणावरचा (धागाकर्ता)

मी पण ठरवलं होतं आठवडाभर अर्धविरामसारखं लिहायचं. पहिल्या दिवशी दुपारीच ‘दमलो’ लिहून बसलो. दमणं हे सकर्मक का नाही कुणी सांगेल का?

अर्धविराम, एक किस्सा मात्र उधार राहिला. कुठलाही. ‘होतो’ लिहा नाहीतर ‘होते’, आम्ही वाचताना तेवढं अक्षर झाकून वाचू.

निळी_शाई

झाकायला कशाला, ‘आम्ही’ करून लिहा की. आम्ही दारात थांबलो.

अर्धविराम

‘आम्ही’ करून बघितलं आहे, आरशासमोर राज्याभिषेक झाल्यासारखं वाटतं. किस्सा आहे एक, दाराचाच आहे. पण तो लिहायला वेळ लागेल, आणि कोणतं अक्षर लिहायचं ते ठरवायलाही. आज झोप आली आहे.

चिमटा

झोपेचं लिंग कळलं. तुमचं सावकाश कळवा.